विरत्या रंगछटा राखून पार्श्वभूमी पारदर्शक कशी करावी?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या सीमाभागात डिजिटल फलकांचा हंगाम वर्षभर चालू असतो. वैशाखातील पारंपरिक शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, भाद्रपदातील सार्वजनिक गणेशोत्सव, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला भरणारी सौंदत्तीच्या रेणुका यल्लम्माची यात्रा, शिवाय लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजलीचे फलक यांची त्यात सतत भर पडते. चोर्ला घाटाच्या अलीकडे गोव्यातही जत्रा, शिगमो आणि चवथीच्या दिवसांत निराळे चित्र नसते. या सर्व कामांत एक कृती समान आहे. देवतेचे, महापुरुषाचे किंवा घरातील व्यक्तीचे चित्र त्याच्या मूळ पार्श्वभूमीतून वेगळे काढून दुसऱ्या रंगावर बसवायचे असते.

चित्राची कड स्पष्ट असेल तर हे काम सोपे असते. परंतु देवतेच्या मस्तकामागील तेजोवलय, समईच्या ज्योतीभोवतीचा उजेड, धुपाचा धूर, मूर्तीखालील सावली किंवा जुन्या स्टुडिओतील छायाचित्राची हळूहळू पांढऱ्यात मिसळणारी कड यांना रेषा नसते. रंग कोठे संपतो आणि कागद कोठे सुरू होतो हे तेथे सांगता येत नाही. अशा चित्रावर कात्री चालवली की तेजोवलयाभोवती खडूसारखे पांढरट कडे उरते किंवा तेजोवलयच नाहीसे होते. हा दोष बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे उद्भवत नाही. जे कापण्याजोगे नाही ते कापायला घेतल्यामुळे तो उद्भवतो. विरत्या छटेत रंग आणि पारदर्शकता यांची उकल करावी लागते.

पारदर्शकता हे प्रमाण आहे

संगणकावरील चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा या 3 रंगांचे प्रमाण साधारणतः 0 ते 255 या आकड्यांत नोंदवले जाते. पारदर्शक चित्रात याच बिंदूसाठी चौथा आकडा असतो. त्याला 'अल्फा' म्हणतात. अल्फा 0 असेल तर बिंदू पूर्णतः आरपार, 255 असेल तर पूर्णतः भरीव आणि 128 असेल तर जवळपास निम्मा आरपार असतो.

न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1977 च्या सुमारास एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. पुढे 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र बसवण्याचे गणित सूत्रबद्ध केले. आज फोटोशॉप, गिम्प आणि मोबाइलवरील साध्या ॲपमध्येही तेच गणित वापरले जाते. त्याचा गाभा असा: डोळ्यांना दिसणारा रंग म्हणजे वरच्या चित्राचा रंग गुणिले त्याचे भरीवपण, अधिक खालच्या पार्श्वभूमीचा रंग गुणिले उरलेले प्रमाण.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तेजोवलयाचा मूळ पिवळा रंग लाल 255, हिरवा 200, निळा 0 असा आहे आणि कागद पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे 255 असलेला आहे, असे समजू. वलय विरता विरता जेथे निम्मे उरते तेथील बिंदू लाल 255, हिरवा 228, निळा 128 असा दिसतो. हा फिकट पिवळा रंग चित्रकाराने भरलेला नाही. पिवळा निम्मा आणि कागद निम्मा मिळून तो तयार झाला आहे.

आता हे चित्र मरून रंगाच्या फलकावर बसवायचे आहे आणि त्या मरूनचे आकडे 96, 0, 24 आहेत. फिकट बिंदू जसाच्या तसा कापून ठेवला तर मरूनवर 255, 228, 128 हा फिका रंग उमटतो. पांढरट कडे दिसते ते यामुळेच. उकल बरोबर झाली असेल तर त्याच बिंदूचा रंग पुन्हा मूळचा 255, 200, 0 होतो आणि त्याचे भरीवपण निम्मे राहते. मरूनवर त्याचे मिश्रण 176, 100, 12 असे येते. हा गडद केशरी रंग मरूनमधूनच उजळून आल्यासारखा दिसतो. बिंदूतून कागदाचा वाटा वजा करणे एवढेच या सगळ्या कामाचे सार आहे.

नेहमीची साधने कोठे कमी पडतात?

मॅजिक वँड हे साधन एका रंगाच्या आसपासचे बिंदू निवडते. त्याची मर्यादा कमी ठेवली तर फिकट कडे शिल्लक राहते आणि वाढवली तर वलय खाल्ले जाते. कोरलड्रॉमधील बिटमॅप कलर मास्क हेही ठरावीक रंगाचे बिंदू लपवते किंवा दाखवते. अर्धवट लपवणे त्याला जमत नाही.

फेदर दिल्यावर प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. फेदरमुळे कड मऊ होते हे खरे, परंतु त्या कडेतील बिंदूंत मिसळलेला पांढरा रंग तसाच राहतो. परिणामी कडक पांढऱ्या कड्याऐवजी मऊ पांढरे धुके दिसते. फिकट पार्श्वभूमीवर ते खपून जाते, गडद पार्श्वभूमीवर लगेच उघडे पडते.

पार्श्वभूमी आपोआप काढणारी नवी साधने छायाचित्रातील माणूस ओळखण्यात चांगलीच तरबेज झाली आहेत. साध्या कामात त्यांनी बराच वेळ वाचतो. मात्र माणूस किंवा वस्तू कोणती आणि पार्श्वभूमी कोणती हे ठरवण्यासाठी ती घडवलेली असतात. तेजोवलय, धूर आणि सावली यांना ती बहुधा पार्श्वभूमीतच जमा करतात. अशा साधनाने मुख्य आकृती काढावी आणि विरत्या भागाची उकल स्वतंत्रपणे करावी, हा व्यवहार्य मार्ग आहे.

पांढऱ्या कागदावरील तेजोवलय

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात या कामासाठी 'कलर टू अल्फा' ही सोय आहे. 'कलर्स' या यादीत ती सापडते. निवडलेल्या रंगाचा वाटा प्रत्येक बिंदूतून वजा करून ती तेवढी पारदर्शकता देते. वरच्या उदाहरणातील 255, 228, 128 हा बिंदू तिच्या हाती दिला, तर निळ्या आकड्यातील घट पाहून ती भरीवपण निम्मे ठरवते आणि रंग जवळपास मूळ पिवळ्यावर आणून ठेवते.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट कागदाच्या रंगाची. रविवर्म्यांच्या छापखान्यातून 1894 पासून देवदेवतांची रंगीत शिळाछापी चित्रे घरोघरी पोहोचली आणि त्या परंपरेतील जुनी चित्रे आजही स्कॅन करून वापरली जातात. त्या कागदाचा रंग आता पांढरा राहिलेला नसतो, पिवळसर झालेला असतो. म्हणून पांढरा रंग गृहीत न धरता चित्राच्या कोऱ्या जागेतील कागदाचा रंग ड्रॉपरने उचलावा आणि तोच वजा करावा. कागद एका कोपऱ्यात अधिक काळवंडला असेल तर आधी उजेड सारखा करून घ्यावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही सोय पांढऱ्याचा अंश असलेला प्रत्येक बिंदू पातळ करते. देवतेचा उजळ चेहरा, मोत्यांचा हार आणि पांढरे वस्त्रही त्यामुळे आरपार होते. हा धोका टाळण्यासाठी चित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवाव्यात. खालच्या प्रतीवर 'कलर टू अल्फा' वापरावे. वरच्या प्रतीला मास्क लावून केवळ भरीव आकृती, म्हणजे चेहरा, वस्त्र आणि दागिने, दिसू द्यावी. मास्कची कड आकृतीच्या किंचित आत घेऊन एक-दोन बिंदूंइतकी मऊ ठेवावी. आतील आकृती वरच्या प्रतीतून भरीव मिळते, बाहेरचे वलय खालच्या प्रतीतून विरते.

गिम्पच्या 2.10 आणि त्यापुढील आवृत्त्यांत पारदर्शकतेची खालची आणि वरची मर्यादा ठरवता येते. कागदावरील बारीक डाग खालच्या मर्यादेने नाहीसे होतात. भरीव राहावेत असे रंग वरच्या मर्यादेने काही प्रमाणात वाचतात.

फोटोशॉपमध्ये चॅनलचा उपयोग

फोटोशॉपमध्ये हेच काम चॅनलच्या साहाय्याने करता येते. ज्या चॅनलमध्ये चित्र आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक सर्वांत ठळक दिसतो, तो चॅनल निवडावा. पिवळ्या किंवा केशरी छटेसाठी निळा चॅनल योग्य ठरतो, कारण त्यात पिवळा रंग काळा आणि कागद पांढरा दिसतो. निपाणीच्या तंबाखू व्यापारातील जुन्या वेष्टनांवर असतात तशा लाल छटेसाठी हिरवा किंवा निळा चॅनल घ्यावा, तर निळ्या छटेसाठी लाल.

निवडलेल्या चॅनलवर कंट्रोलची कळ दाबून क्लिक केले की त्यातील उजळपणानुसार निवड तयार होते. ती उलटवावी, नवा लेयर घ्यावा आणि त्यात तेजोवलयाचा मूळ, सर्वांत गडद ठिकाणचा रंग भरावा. निवड अंशतः असल्याने रंगही अंशतः भरला जातो. वलय एकाच रंगाचे असेल तर ही रीत अतिशय स्वच्छ फळ देते. वलयात पिवळ्यातून केशरी आणि केशरीतून लाल असे टप्पे असतील तर एकच रंग भरून चालत नाही. तेथे त्याच क्रमाचा ग्रेडियंट भरावा लागतो.

कोरलड्रॉमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक पर्याय आहे. वलय साधे गोलाकार असेल तर ते जुन्या चित्रातून काढण्याचा खटाटोप न करता नव्याने रेखाटावे. पिवळे वर्तुळ काढून त्याला ट्रान्सपरन्सी टूलने मध्यातून कडेकडे विरणारी पारदर्शकता दिली की मूळ वलयाची जागा भरून निघते. चित्रकाराच्या हाताचा विशेष ज्या वलयात आहे, तेथे मात्र हा पर्याय वापरू नये.

काळ्या पार्श्वभूमीवरील उजेड आणि पांढऱ्यावरील सावली

पणती, आतषबाजी किंवा रात्रीच्या मिरवणुकीतील दिवे यांची चित्रे बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर असतात. येथे गणित उलटते. काळ्याचे तिन्ही आकडे शून्य असल्याने बिंदूचा जो आकडा सर्वांत मोठा, तेच त्याचे भरीवपण मानता येते. 'कलर टू अल्फा'मध्ये पांढऱ्याऐवजी काळा रंग निवडला की हे आपोआप घडते. चित्र वेगळे काढायचे नसेल, केवळ फलकात मिसळायचे असेल, तर लेयरची मिश्रणपद्धत 'स्क्रीन' ठेवावी. काळा भाग नाहीसा होऊन उजेड तेवढा उरतो.

सावलीसाठी याच्या उलट 'मल्टिप्लाय' ही पद्धत आहे. पांढऱ्या कागदावरील राखाडी सावली तिने खालच्या रंगावर गडद होऊन बसते आणि पांढरा भाग दिसेनासा होतो. सावली पारदर्शक फाइलमध्येच हवी असेल तर ती राखाडी रंगाची न ठेवता काळ्या रंगाची अंशतः पारदर्शक सावली करावी. राखाडी सावली केशरी फलकावर धुळीसारखी दिसते, काळी पारदर्शक सावली त्या केशरीलाच गडद करते.

दोन छायाचित्रांची रीत

वरील सर्व उपायांत एक अडचण दडलेली आहे. प्रत्येक बिंदू 3 आकडे देतो, परंतु शोधायच्या गोष्टी 4 असतात: लाल, हिरवा, निळा आणि भरीवपण. त्यामुळे पार्श्वभूमी माहीत असूनही एका चित्रावरून नेमके उत्तर निघत नाही आणि काही तरी गृहीत धरावे लागते. अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी 1996 मध्ये यावर नेमका मार्ग मांडला. तीच वस्तू दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर टिपली की 6 आकडे हाती येतात आणि अंदाजाची गरज उरत नाही.

वस्तू समोर असेल तर घरगुती साधनांनीही हे करता येते. काचेची हंडी, जरीचे पातळ वस्त्र किंवा मोराचे पीस तिकाटण्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने आधी पांढऱ्या आणि नंतर काळ्या कागदापुढे टिपावे. वस्तू, कॅमेरा, उजेड आणि कॅमेऱ्यातील योजना यांपैकी काहीही हलता कामा नये. समजा, एका बिंदूचा आकडा पांढऱ्यावर 200 आणि काळ्यावर 72 आला. फरक 128, म्हणजे 255 च्या निम्मा. याचा अर्थ पार्श्वभूमी निम्मी दिसते आहे आणि वस्तू निम्मी भरीव आहे. काळ्यावरील 72 ला निम्म्याने भागले की वस्तूचा खरा आकडा 144 मिळतो. हाच हिशेब प्रत्येक बिंदूसाठी लेयरच्या वजाबाकीतून करता येतो. कॅमेरा उजेडाची नोंद काहीशी बदलून करत असल्याने फळ तंतोतंत येत नाही, तरी डोळ्यांना ते समाधानकारक दिसते.

जुनी छायाचित्रे: सर्वांत जोखमीचे काम

देवतेचे चित्र बिघडले तर दुसरे मिळते. माणसाच्या छायाचित्राबाबत तशी खात्री नसते. गावागावांतील जुन्या पिढीतील अनेकांची एक-दोनच छायाचित्रे उपलब्ध असतात. एखादे स्टुडिओत काढलेले असते, एखादे लग्नाच्या समूहचित्रातून वेगळे केलेले असते. श्रद्धांजलीचा फलक घाईत करायचा असतो, छायाचित्र मोबाइलवरून आलेले असते आणि एका क्लिकमध्ये पार्श्वभूमी काढली जाते. त्या क्लिकमध्ये पांढरी टोपी अर्धी जाते, कानाची पाळी चपटी होते, आजीच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा नाहीसा होतो किंवा नथीतील पोकळ जागेत जुनी पार्श्वभूमी तशीच राहते. अनोळखी माणसाच्या हे लक्षातही येत नाही, घरच्यांना मात्र फलकापुढे उभे राहताक्षणी दिसते.

सीमाभागातील अशा छायाचित्रांत एक अडचण वारंवार येते. टोपी किंवा फेटा पांढरा, सदरा पांढरा आणि स्टुडिओचा पडदाही फिकट. येथे रंगावर आधारलेले कोणतेही साधन टोपी आणि पडदा यांत भेद करू शकत नाही. 'कलर टू अल्फा' तर टोपी सरळ पुसून टाकते. यावर उपाय हाताने रेघ आखण्याचा आहे. पेन टूलने टोपी, खांदे आणि सदरा यांची कड आखावी. कड दिसत नसेल तर वर तात्पुरता एक लेयर घेऊन चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवावा. टोपीची दुमड आणि खांद्याची शिवण त्यात पुसट का होईना दिसू लागते. रेघ आखून झाली की तो लेयर काढून टाकावा.

केसांसाठी मात्र पेन टूल वापरू नये. तेथे ठळक फरक असलेला चॅनल घ्यावा, त्याची प्रत करून कॉन्ट्रास्ट वाढवावा आणि तीच प्रत मास्क म्हणून वापरावी. कडेच्या केसांत जुन्या पडद्याचा रंग मिसळलेला राहतो. फोटोशॉपमधील 'डीकंटॅमिनेट कलर्स' हा पर्याय तो कमी करतो. त्याचा जोर जास्त झाला तर केसांचाच रंग बदलतो, म्हणून तो बेतानेच वापरावा.

स्टुडिओने मुद्दाम विरवलेली लंबगोल कड हा छायाचित्राचा भाग आहे. ती कापून खांद्यापासून आकृती वेगळी काढली की छाती मध्येच तोडल्यासारखी दिसते. अशा वेळी माणसाची आकृती भरीव ठेवावी आणि खालची विरती कड मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट देऊन नव्याने तयार करावी. मास्कमध्ये चित्राचा एकही बिंदू नष्ट होत नाही, तो केवळ लपतो. म्हणून खोडरबर न वापरता मास्कच वापरावा, हा नियम या कामात कधीही मोडू नये.

छायाचित्र घेताना मूळ प्रत मागावी आणि ती शक्य तितक्या मोठ्या मापात स्कॅन करावी. मोबाइलने टिपायची वेळ आली तर काच काढून, खिडकीच्या उजेडात, कॅमेरा छायाचित्राला समांतर धरून टिपावी. मूळ स्कॅन वेगळ्या नावाने जपून ठेवावा आणि काम त्याच्या प्रतीवरच करावे. इंटरनेटवरील सेवेने पार्श्वभूमी काढायची असेल तर छायाचित्र त्या सेवेच्या सर्व्हरवर जाते. लहान मुलांचे किंवा खासगी प्रसंगाचे छायाचित्र असेल तर संगणकावरच चालणारे साधन निवडणे योग्य.

फलकावरील पट्टे

पडद्यावर मुलायम दिसणारी छटा मोठ्या फलकावर पट्ट्यापट्ट्यांची दिसते, ही तक्रार नेहमीची आहे. त्यामागे सरळ हिशेब आहे. 8 बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात. छटा निम्म्या भरीवपणापासून शून्यापर्यंत विरत असेल तर 128 पायऱ्याच वाट्याला येतात. ती छटा 10 फूट रुंदीवर पसरली की एकेक पायरी सुमारे 24 मिलिमीटरची, म्हणजे जवळपास इंचभर रुंद होते. एवढी पायरी डोळ्यांना दिसू शकते. वारंवार रंग बदलणे, उजेड वाढवणे आणि जेपीजीमध्ये पुनःपुन्हा सेव्ह करणे यांमुळे पायऱ्या आणखी कमी होतात.

उपाय दोन आहेत. काम सुरू करतानाच फाइल 16 बिटमध्ये घ्यावी आणि सर्व बदल झाल्यावर शेवटी 8 बिटवर आणावी. त्याखेरीज विरत्या भागात अगदी बारीक दाणा, म्हणजे 'नॉइज', मिसळावा. दाण्यामुळे पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि दूरवरून छटा सलग दिसते. शिळाछापाच्या काळात कारागीर दगडावर बारीक ठिपके देऊन छटा उतरवत असत. त्यामागचे तत्त्व हेच होते.

कोणत्या फाइलमध्ये जतन करावे?

जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही. पारदर्शक चित्र जेपीजीत सेव्ह केले की मागे बहुधा पांढरा रंग भरला जातो. जीआयएफमध्ये 1989 च्या आवृत्तीपासून पारदर्शकता आहे, परंतु बिंदू पूर्ण आरपार किंवा पूर्ण भरीव एवढेच दोन पर्याय असल्याने विरती छटा त्यात उतरत नाही. पीएनजी हे स्वरूप 1996 मध्ये आले. त्यात अल्फाच्या 256 पायऱ्या मिळतात, 16 बिटमध्ये त्याहून कितीतरी अधिक, आणि सेव्ह करताना दर्जा घटत नाही. विरत्या छटेसाठी तेच भरवशाचे. फोटोशॉपमधून देताना पीएनजी-8 टाळावे आणि पीएनजी-24 निवडून पारदर्शकतेची खूण चालू ठेवावी. पीएनजी-8 मध्ये सगळे चित्र मिळून 256 रंगच असतात.

वेबपी या स्वरूपातही अल्फा असतो आणि फाइल लहान होते, म्हणून संकेतस्थळासाठी ते सोयीचे आहे. छपाईसाठी लेयरसह मूळ पीएसडी किंवा टिफ ठेवावी. पीडीएफ द्यायची झाल्यास पीडीएफ-एक्स-4 या प्रकारात पारदर्शकता जिवंत राहते. पीडीएफ-एक्स-1ए मध्ये ती आधीच सपाट करावी लागते. छपाई यंत्राला पारदर्शकता कळत नाही. शेवटी सगळे एकत्र होऊन शाईचेच ठिपके पडतात. आरपार विनाइलवर किंवा काचेवर छापायचे असेल तर छटेखाली पांढऱ्या शाईचा थर हवा की नको, हे छापखान्याशी आधीच ठरवून घ्यावे.

फाइल पाठवतानाही चूक होते. व्हॉट्सॲपवर पीएनजी 'फोटो' म्हणून पाठवली की तिचे जेपीजी होते आणि पारदर्शकता हरवते. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. निपाणीत तयार झालेले चित्र बेळगावच्या छपाई केंद्रावर पांढऱ्या चौकटीसह उघडते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

दोन लिप्या, एकच चित्र

सीमाभागात या कौशल्याला आणखी एक व्यावहारिक मोल आहे. कर्नाटकात 2024 मधील कायदेदुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर 60 टक्के भाग कन्नडसाठी ठेवावा लागतो. समारंभाच्या पत्रिका आणि यात्रेची निमंत्रणे अनेक घरांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निघतात. मजकूर बदलला की मांडणी बदलते, अक्षरांची रुंदी बदलते आणि कधी पार्श्वभूमीचा रंगही बदलतो. चित्र एखाद्या रंगावर कायमचे चिकटवलेले असेल तर प्रत्येक वेळी नव्याने काम करावे लागते. छटेसह नीट पारदर्शक केलेले चित्र एकदा तयार असेल तर ते कोणत्याही रंगावर आणि कोणत्याही लिपीमागे बसते. त्यामुळे मराठी प्रतीत तेजोवलय अखंड आणि कन्नड प्रतीत तुटलेले, किंवा याच्या उलट, असा प्रकार होत नाही.

काम हातावेगळे करण्यापूर्वी

तयार चित्र पांढऱ्या, काळ्या, ठळक लाल आणि मधल्या राखाडी अशा 4 रंगांवर ठेवून पाहावे. काळ्यावर पांढरी किनार उघडी पडते, पांढऱ्यावर काळी किनार दिसते, लाल रंगावर आकृतीतील नको असलेली छिद्रे कळतात आणि राखाडीवर छटेतील पट्टे. त्यानंतर चित्र 100 टक्के मापावर न्याहाळावे, कारण लहान करून पाहिल्यास दोष लपतात. मोठा फलक असेल तर विरत्या भागाचा वीतभर तुकडा आधी छापून घ्यावा.

छायाचित्र माणसाचे असेल तर आणखी एक पडताळणी करावी. मूळ स्कॅन आणि तयार चित्र शेजारी शेजारी ठेवून टोपी, कान, केस, नथ, कुंकू आणि खांदे एकेक करून ताडून पाहावेत आणि छपाईपूर्वी घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला दाखवावेत. मास्क शाबूत असेल तर तिने दाखवलेली चूक काही मिनिटांत सुधारता येते. फलक छापून चौकात लागल्यावर ती सुधारता येत नाही.